ऱ्होड्सचा दर्याचा कायदा आणि जनरल एव्हरेज: सारखे येणारे प्रश्न

मी न्हावा शेवाला माल सोडवायच्या लायनीत आहे, दिवसभर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि डिलिव्हरी ऑर्डर याच्यातच असतो, आणि बरीच वर्षं ऱ्होड्स नावाच्या ग्रीक बेटाच्या कायद्याबद्दल मिळेल ते वाचतोय, कारण त्या बेटाचा एक नियम आजही आपल्या टेबलावर नोटीस बनून येतो. त्याबद्दल लोक विचारत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. आधी सोपे आहेत, किचकट शेवटी आहेत.

१. हे ऱ्होड्स नक्की कुठे आहे आणि समुद्राच्या कायद्यात त्याचंच नाव का?

एजियन समुद्राच्या आग्नेय टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. बेटावर आधी तीन वेगळी गावं होती, लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस, त्यांनी इ.स.पू. ४०८ मध्ये एकत्र येऊन उत्तरेच्या टोकाला ऱ्होड्स शहर वसवलं. जागा अशी की इजिप्तचं धान्य घेऊन एजियनकडे जाणारी जहाजं इथेच टेकायची. उन्हाळ्यात वारा उत्तरेकडून वाहतो, त्यामुळे अलेक्झांड्रियाहून सरळ वर जाता येत नाही, वळसा घालून यायचं आणि इथे थांबायचं. म्हणजे बेटाचं पोट शेतीपेक्षा बंदरावर जास्त. आणि जिथे दहा देशांचे व्यापारी एका धक्क्यावर उतरतात तिथे भांडणं पण दहा देशांची होतात, ती मिटवायला सगळ्यांना पटेल असा नियम लागतो. नाव ऱ्होड्सचंच का झालं ते ५ मध्ये आहे.

२. मूळ नियम एका वाक्यात सांगा ना.

जहाज हलकं करायला कुणाचा माल समुद्रात फेकला असेल, तर जे सगळ्यांसाठी दिलं ते सगळ्यांनी मिळून भरून द्यायचं. बस. पॉलस नावाच्या रोमन कायदेपंडिताने हे ‘ऱ्होड्सच्या कायद्यात असं आहे’ म्हणून नोंदवलंय, आणि जस्टिनियन सम्राटाने इ.स. ५३३ मध्ये जे मोठं कायद्याचं संकलन काढलं, डायजेस्ट, त्यात चौदाव्या पुस्तकात ते आहे. मला विचाराल तर इतका साधा आणि इतका न्यायाचा नियम दुसऱ्या कुठल्या व्यापारी कायद्यात मी बघितला नाही. आज याच नियमाला आपण जनरल एव्हरेज म्हणतो.

३. आकड्यात समजावता का, वाटणी कशी निघते?

समजा जहाज ५० लाखांचं. तुमचा माल २० लाखांचा, दुसऱ्याचा २०, तिसऱ्याचा १०. एकूण १०० लाख धोक्यात. वादळात तुमचे २० लाखांचे गठ्ठे फेकले आणि जहाज वाचलं. नुकसान १०० तले २०, म्हणजे प्रत्येकाने आपल्या किमतीच्या २० टक्के सोसायचे: जहाजवाला १० लाख, दुसरा ४, तिसरा २, आणि तुम्ही स्वतः पण ४. तुम्हाला परत मिळतात १६. लोक हमखास चुकतात ते इथे, त्यांना वाटतं ज्याचा माल गेला त्याला पूर्ण २० मिळणार. नाही, कारण पूर्ण मिळाले तर ज्याचा गेला तोच सगळ्यात फायद्यात राहील, सगळ्यांना झळ आणि त्याला काहीच नाही असं होईल.

रोमन लोक अजून एक बारकावा पाळायचे. फेकलेला माल खरेदीच्या भावाने धरायचा आणि वाचलेला माल जितक्याला विकला जाईल त्या भावाने, कारण भरून द्यायचा तो तोटा, बुडालेला नफा नाही.

४. सगळीकडे लिहिलेलं असतं की हा कायदा इ.स.पू. ९०० चा आहे. खरं का?

याला पुरावा नाही. ऱ्होड्स शहरच इ.स.पू. ४०८ चं. ऱ्होड्सच्या लोकांनी स्वतः लिहिलेला एकही मूळ कायदा आज हातात नाही, ना दगडावर ना पपायरसवर, जे आहे ते रोमनांनी त्यांच्या नावाने सांगितलेलं. आणि हा रिवाज फक्त ऱ्होड्सचा होता असंही नाही. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अथेन्सचा एक कर्जाचा करार तिथल्या डेमॉस्थेनिस या वक्त्याच्या नावावरच्या एका भाषणात आलाय. ३००० द्राख्मा (ग्रीकांचं चलन) कर्ज, तारण ३००० घडे दारू, व्याज हजाराला २२५, आणि परतायला उशीर होऊन खराब हवामानाचा काळ लागला तर हजाराला ३००. त्यात स्पष्ट अट आहे की जहाजावरच्या लोकांनी मत देऊन जो माल फेकला आणि शत्रूला जे द्यावं लागलं ते परतफेडीतून वजा होईल. म्हणजे रिवाज सगळ्या दर्यावर्द्यांचा होता, शिक्का ऱ्होड्सचा बसला. मला तरी यात ऱ्होड्सचं काही कमी झालं असं वाटत नाही.

५. पण एवढ्याशा बेटाचं बाकीचे ऐकत का होते?

कारण ते नुसता नियम सांगून थांबत नव्हते, समुद्र स्वतः राखत होते. चाच्यांच्या मागे आरमार घेऊन जायचे. इ.स.पू. २२० ची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: बायझँटियम शहराला (आजचं इस्तंबूल) गॉल टोळ्यांना खंडणी द्यावी लागत होती, ती भागवायला त्यांनी काळ्या समुद्रातून येणाऱ्या जहाजांवर जकात बसवली, व्यापारी वैतागले आणि गाऱ्हाणं घेऊन गेले कुणाकडे तर ऱ्होड्सकडे, कारण समुद्राच्या बाबतीत पुढारी तेच मानले जात. आधी बोलणी झाली, ती फिसकटल्यावर लढाई, आणि जकात उठली.

आरमाराची शिस्त पण कडक. स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो की काही गोद्या लोकांपासून लपवून ठेवल्या होत्या आणि कुणी आत डोकावला किंवा शिरला तर मृत्युदंड. इ.स.पू. २२६ च्या आसपास भूकंपात शहर आणि तो प्रसिद्ध कोलोसस पुतळा पडला तेव्हा चहूकडच्या राजांनी मदत पाठवली, इजिप्तच्या टॉलेमीने तर चांदी, धान्य सगळंच, आणि काहींनी आपल्या बंदरात ऱ्होड्सच्या जहाजांना जकात माफ केली. त्या राजांनी नुसती दया दाखवली असं मला वाटत नाही, ते बंदर बंद पडलं तर धंदा सगळ्यांचाच बसणार होता.

आणि बसवला तो रोमने. इ.स.पू. १६७-१६६ ला एजियनमधल्याच डेलॉस बेटाचं बंदर करमुक्त केलं आणि ऱ्होड्सच्या वकिलाने रोमच्या सिनेटपुढे सांगितलं की आमचं बंदराचं उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं. हे वाचताना खरंच वाईट वाटतं. राज्याची ताकद गेली पण कायद्याचं नाव राहिलं.

६. रोमन सम्राट ‘मी जगाचा मालक पण समुद्राचा कायदा वेगळा’ असं म्हणाला होता का खरंच?

हो, डायजेस्टमध्ये हा उतारा आहे, पुस्तक लॅटिन पण हा तुकडा ग्रीकमध्येच ठेवलाय. निकोमेडियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितचा, युडेमन नावाचा माणूस सम्राट अँटोनायनसकडे अर्ज करतो की आमचं जहाज फुटलं आणि सिक्लाडीस बेटांवर राहणाऱ्या कर वसूल करणाऱ्यांनी आम्हाला लुटलं. सम्राट उत्तर देतो की मी जगाचा धनी खरा पण समुद्राचा धनी कायदा, याचा निवाडा ऱ्होड्सच्या समुद्री कायद्याने करा, जिथे आमचा कायदा आडवा येत नाही तिथपर्यंत. शेवटची अट लोक सोडून देतात आणि पहिलं वाक्य फॉरवर्ड करतात. त्या अटीशिवाय अर्थ बदलतो, ऱ्होड्सचा कायदा रोमच्या वर नव्हता, रोमने त्याला आपल्यात जागा दिली होती.

युडेमनचं पुढे काय झालं ते पुस्तकात नाही.

७. ज्याचा माल गेला तो बाकीच्यांकडून वसुली कशी करणार? ते तर एकमेकांना ओळखत पण नाहीत.

बरोबर पकडलंत, आणि रोमनांनी याचा तोडगा फार छान काढला. माल गेलेल्याने कॅप्टनवर दावा लावायचा, भाड्याच्या कराराने, आणि कॅप्टनने बाकीच्यांवर लावायचा, त्यांच्या त्यांच्या कराराने. म्हणजे अनोळखी माणसाच्या मागे पळायचं नाही. वर सर्व्हियस नावाचा जुना पंडित सांगतो की वाचलेल्यांनी हिस्सा देईपर्यंत कॅप्टनने त्यांचा माल अडवून ठेवावा. कारण बंदर दिसलं की माणसाचं ‘गरज सरो, वैद्य मरो’ सुरू होतं, हे तेव्हाही माहीत होतं. आज शिपिंग लाईन हिस्स्याची हमी मिळाल्याशिवाय डिलिव्हरी देत नाही तो हाच प्रकार, १२ बघा.

८. काय फेकायचं हे कॅप्टन एकटाच ठरवायचा का?

अथेन्सच्या करारात (४ बघा) जहाजावरच्यांचं मत घ्यायची अट होतीच. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास बायझंटाईन साम्राज्यात ‘ऱ्होडियन समुद्री कायदा’ नावाने एक संग्रह झाला, त्यात पण फेकायचा विचार असेल तर कॅप्टनने माल असलेल्या प्रवाशांना विचारायचं आणि मत घ्यायचं असं आहे. त्याच्याही नंतर अटलांटिकवरच्या ओलेरॉन बेटाच्या नियमात थोडा बदल दिसतो, व्यापाऱ्यांना विचारायचं, पण ते नाही म्हणाले तरी कॅप्टन फेकू शकतो, मात्र बंदराला लागल्यावर त्याने आणि त्याच्या खलाशांनी शपथ घ्यायची की जीव आणि जहाज वाचवायलाच फेकलं. मला हा बदल पटतो, लाटा डेकवर येत असताना मतदान कोण घेत बसणार.

९. तो बायझंटाईन संग्रह म्हणजेच मूळ ऱ्होड्सचा कायदा ना?

नाही. मध्ये हजारेक वर्षं गेलेली आहेत, नाव प्रतिष्ठेसाठी लावलेलं. पण वाचायला हाच सगळ्यात जिवंत, कारण यात जहाजावरचं रोजचं जगणं दिसतं. प्रवाशाला जागा किती तर लांबीला तीन हात, रुंदीला एक हात. जहाजावर मासे तळायचे नाहीत, लाकूड फोडायचं नाही, पाणी मापाने घ्यायचं. सोनं जवळ असेल तर कॅप्टनकडे ठेवायचं, नाही ठेवलं आणि हरवलं म्हणालात तर तुमचं तुम्ही बघा. कमाईत मालकाला दोन वाटे, सुकाणूवाल्याला दीड, साध्या खलाशाला एक. आपल्या कोकणातल्या मच्छीमार होड्यांवर पण वाट्याचीच पद्धत आहे, त्यामुळे तिकडच्या कुणाला हे परकं वाटणार नाही. बुडालेला माल पाण्यातून काढणाऱ्याला मोबदला खोलीप्रमाणे, कमी खोलीतून तिसरा हिस्सा, जास्त खोलातून अर्धा ‘समुद्राच्या धोक्यामुळे’, आणि किनाऱ्याला लागलेलं उचललं तर दहावा.

एक मोठा फरक आहे. जुन्या नियमात मुद्दाम सोडलेल्या मालाचीच वाटणी व्हायची, इथे वादळ आणि चाच्यांमुळे आपोआप झालेलं नुकसानही बऱ्याच प्रसंगी जहाज आणि माल दोघांवर वाटलंय. बहुतेक काळ इतका धोक्याचा होता की एकट्याने जोखीम घ्यायला कुणी धजत नसावं.

१०. ऱ्होड्सपासून आजच्या नियमापर्यंत मधे काय काय झालं?

थोडक्यात सांगतो. ओलेरॉनचे नियम अटलांटिकच्या किनाऱ्याला चालले. भूमध्य समुद्रात कॅटलान लोकांचा ‘समुद्राचा कॉन्सुलेट’. बाल्टिकमध्ये गॉटलंड बेटावरच्या विस्बी गावाच्या नावाचा कायदा, तो छापला गेला १५०५ मध्ये कोपनहेगनला, आणि त्यातला बराच मजकूर ओलेरॉन आणि नेदरलँडकडचा. म्हणजे विस्बीच्या बाबतीतही ऱ्होड्ससारखंच झालं, नियम अनेकांचे आणि नाव एका बेटाचं. १६८१ ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईने समुद्री अध्यादेश काढला. मग १८६० ला ग्लासगो, १८६४ ला यॉर्क, १८७७ ला अँटवर्प अशा बैठका होऊन यॉर्क-अँटवर्प नियम तयार झाले, ते अधूनमधून सुधारतात, २०१६ ची आवृत्ती आहे. हे कुठल्या देशाचा कायदा नाहीत, करारात लिहिले जातात म्हणून लागू होतात. तुमच्या बिल ऑफ लेडिंगच्या मागे बारीक अक्षरात बघा.

११. आपल्याकडे असलं काही होतं का? आणि आज भारतात काय?

तंतोतंत हाच नियम म्हणून दाखवता येईल असं मला सापडलेलं नाही, पण जवळचं आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे की नावाड्यांच्या चुकीने माल गेला तर त्यांनी आपापल्या हिश्शाने मिळून भरायचा, दैवाने गेला तर दंड नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाला (जहाजांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) सांगितलंय की वाऱ्याने झोडपलेल्या जहाजाला बापासारखा आधार द्यावा, आणि पाण्याने भिजलेल्या मालाचं शुल्क माफ किंवा अर्धं करावं. आंध्रच्या मोटुपल्लीला काकतीय गणपतिदेवाचा तेराव्या शतकातला शिलालेख आहे, त्यात तो म्हणतो की आधीचे राजे वादळाने किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा सगळा माल हिसकावून घेत, मी ठरलेलं शुल्क सोडून काही घेणार नाही. युडेमनची तक्रार (६ बघा) आणि हा शिलालेख शेजारी ठेवून वाचा, दुखणं एकच आहे.

ऱ्होड्सशी सरळ संबंध जोडायचा मोह होतो, विशेषतः कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती बघितली की. पण मूर्ती आली म्हणून कायदा पण आला असं म्हणता येत नाही.

आज सागरी विमा कायदा १९६३ च्या ६६ व्या कलमात जनरल एव्हरेज आहे, आणि २०१७ च्या ॲडमिरल्टी (समुद्री दाव्यांच्या) कायद्याप्रमाणे, जो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला, असा दावा मुंबईसह किनाऱ्याकडच्या हायकोर्टात लावता येतो. त्याआधी आपण १८४० आणि १८६१ च्या इंग्रजी कायद्यांवर चाललो होतो.

१२. सर, माझा कंटेनर एकदम शाबूत आहे, मग मी पैसे का द्यायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझ्या ओळखीचे एक भिवंडीचे कापडवाले आहेत, त्यांचे मशीनचे पार्ट येत होते आणि वाटेत जहाजाला आग लागली. ऑफिसला आले ते मोबाईलमध्ये फोटो उघडूनच, “सील बघा ना, हात पण लागलेला नाही, मग मला कशाची नोटीस?” मी त्यांना म्हटलं, सील शाबूत आहे म्हणूनच नोटीस आहे काका. आग विझवायला दुसऱ्याच्या कंटेनरवर पाणी मारलं म्हणून तुमचा वाचला. त्यांना पटलं, पण त्रास झालाच, कारण विमा काढलेला नव्हता आणि रोख डिपॉझिट भरावं लागलं. विमा असता तर हमीपत्र विमा कंपनीने दिलं असतं आणि माल लवकर सुटला असता.

२०२१ ला सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा मालकाने जनरल एव्हरेज जाहीर केलं होतं. २०१८ ला आपल्याच अरबी समुद्रात मर्स्क होनामला आग लागली, पाच जण गेले, तिथेही जाहीर झालं. म्हणजे ही पुस्तकातली गोष्ट नाही, विमा काढा, छोटा माल असला तरी काढा.

१३. माझा माल आगीत नाही पण धुराने खराब झाला. भरपाई मिळेल?

जनरल एव्हरेजमध्ये नाही. विझवायला मारलेल्या पाण्याचं नुकसान धरतात कारण ते मुद्दाम केलेलं आहे, धूर आणि उष्णतेचं धरत नाहीत. तुमच्या स्वतःच्या विम्यात मागा. आणि हो, वाचलेल्या किमतीवर तुम्हाला हिस्सा पण द्यावा लागेल, हे कडू आहे पण नियम तसा आहे.

१४. वादळात जहाजाची डोलकाठी मोडली तर मालवाल्यांनी खर्च द्यायचा का?

आपोआप मोडली तर नाही, सगळ्यांना वाचवायला मुद्दाम तोडली तर हो. डायजेस्टमधलं उदाहरण एकदम नेमकं आहे: जहाजावर वीज पडून शीड, डोलकाठी जळली, ते आफ्रिकेच्या हिप्पो बंदरात शिरलं, घाईघाईने दुरुस्ती केली, आणि रोमजवळच्या ऑस्टियाला माल पूर्ण पोचवला. जहाजवाला म्हणाला खर्चात हिस्सा द्या. ज्युलियन या रोमन कायदेपंडिताचं उत्तर नाही, कारण हा खर्च जहाज सज्ज करायला झाला, माल वाचवायला नाही. आजच्या नियमात आसऱ्याच्या बंदरातले काही खर्च वाटले जातात, त्यामुळे या बाबतीत रोमन उत्तर जसंच्या तसं लावू नका.

१५. चाच्यांना खंडणी दिली तर?

पूर्ण जहाज सोडवायला दिली तर सगळ्यांनी वाटून. चाच्यांनी एकाचाच माल उचलून नेला तर ते त्याचं नशीब, आणि एकाने फक्त आपला माल पैसे देऊन सोडवला तर तो इतरांकडे मागू शकत नाही. सगळ्यांसाठी दिलं का, एवढंच बघायचं.

१६. बंदरात शिरायला माल पडावात (छोट्या होडीत) उतरवला आणि पडाव बुडाला तर?

फेकल्यासारखंच धरायचं, वाटणी होणार, कारण जहाज हलकं करायलाच उतरवला. पण उलटं झालं, पडाव वाचला आणि जहाज बुडालं, तर पडावातल्या मालवाल्यांनी काही द्यायचं नाही, कारण जहाज वाचलं तरच वाटणी.

१७. माणसं, अंगावरचे दागिने, खाण्याचं सामान, हे धरतात का?

रोमन काळात कपडे आणि अंगठ्या पण धरायचे. अन्न नाही, कारण कमी पडलं तर सगळे एकमेकांना देणारच. आणि स्वतंत्र माणसाची किंमत करता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण गुलामांना मात्र ते मालमत्ताच मानत होते, हे लपवायचं कारण नाही, कायदा जितका शहाणा वाटतो तितका तो सगळ्यांसाठी नव्हता. आज प्रवाशाचं सोबतचं सामान आणि टपाल हिश्श्यातून वगळलेलं आहे.

१८. डेकवरचा माल फेकला तर? आणि किंमत कमी दाखवली असेल तर?

डेकवरचा माल त्या व्यापाराच्या रिवाजाप्रमाणे तिथे ठेवला असेल तरच भरपाई, नाहीतर नाही. किंमत मुद्दाम कमी दाखवली असेल तर दोन्हीकडून मार: माल गेला तर दाखवलेल्या कमी किमतीवर भरपाई, वाचला तर खऱ्या किमतीवर हिस्सा. माल लपवून चढवला असेल तर गेल्यावर काही नाही, वाचल्यावर हिस्सा द्यावाच लागतो. ड्यूटी वाचवायला आकडे कमी लिहिणाऱ्यांना मी हे आधीच सांगतो.

१९. फेकलेला माल नंतर किनाऱ्याला लागला तर तो कुणाचा?

मूळ मालकाचाच. ज्युलियन म्हणतो, ओझ्याने थकलेला माणूस रस्त्यात गाठोडं ठेवतो आणि चार माणसं घेऊन परत येणार असतो, तो ते टाकून देत नाही, तसंच हे. त्यामुळे ज्याला सापडलं त्याचं होत नाही. वाटणी अजून झाली नसेल तर त्या मालापुरती उतरते, आणि झाली असेल तर ज्यांनी पैसे भरले ते कॅप्टनकडून परत मागू शकतात, आणि कॅप्टनने ज्याला दिले होते त्याच्याकडून वसूल करायचे, ७ मध्ये जी साखळी सांगितली तीच, फक्त उलट्या दिशेने.